रिकामा न जाणारा डबा

आमच्या सोसायटीच्या आरोग्य शिबिरात प्रमुख पाहुण्यांनी चाळीस मिनिटं जगाची काळजी केली. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार देशोदेशी कसे पसरतायत आणि रोज चालणं, मोजकं खाणं एवढ्यानेही ते पुष्कळदा कसे टाळता येतात, हे ते सांगत होते. तपासणीसाठी आम्ही सगळे रात्रीपासून उपाशी बसलो होतो, त्यामुळे मोजकं खाणं म्हणजे काय ते समजत होतं. मग पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि पेढ्यांचा बॉक्स देण्यात आला आणि आमचं रक्त घेण्यात आलं.

माझी साखर बॉर्डरवर निघाली. शिबिरातल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, अजून मधुमेह नाही. तीन महिने घ्या. साखर उतरली तर उत्तम, नाहीतर गोळी सुरू करू. आणि पुढची तपासणी तीन महिन्यांच्या सरासरीची असते, आदल्या दिवशी उपास करून येऊ नका."

हे त्यांना कसं कळलं, देव जाणे.

गोळीला मी घाबरत नव्हतो. पण मधुमेही वडिलांची शेवटची वर्षं पायाची एक जखम सांभाळण्यात गेली. ती मी रोज धूत असे. तसं काम माझ्या मुलीच्या वाट्याला यायला नको होतं.

सकाळी चालायला लागलो. चहातली साखर सोडली. सोडता येईना तो डबा.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही मीरा रोडला राहायला आलो, त्या दिवशी शेजारच्या गुजराती भाभींनी स्टीलच्या डब्यातून जेवण पाठवलं. बायको रत्नागिरीची, शेजारचं भांडं रिकामं परत करणं तिच्या माहेरच्या रीतीत बसत नाही. तिने त्यात नारळाच्या वड्या घातल्या. भाभींच्याही माहेरी तेच. डबा मोहनथाळ घेऊन आला. तेव्हापासून तो दोन दारांमध्ये फिरतोय. मुळात भाभींचाच, पण आता तो कोणालाच ठेवून घेता येत नाही. बायको गोड खात नाही, त्यामुळे डब्याची जबाबदारी माझ्याकडे होती आणि मी ती कधीही टाळली नव्हती.

"अहो, तुम्हीच जाऊन सांगा," बायको म्हणाली. "मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मला करायचा कंटाळा आलाय."

गेलो. "भाभी, बुरा मत मानना," मी सुरुवात केली, "वो डब्बे में... मीठा थोडा कम..."

भाभी आत वळून ओरडल्या, "सुनते हो? इनको भी शुगर है!"

आतून भाई आले. शिबिरात त्यांची साखर माझ्यापेक्षा वर गेली होती आणि तेही पंधरा दिवस गप्प होते.

"तो फिर आप हर बार मीठा क्यूँ भेजते हो?" भाईंनी विचारलं.

"आपका मोहनथाल आता है, इसलिए."

"अरे भाईसाब, वो तो आपकी नारियल की बर्फी आती है, इसलिए! मीठे के जवाब में चना थोड़े ही भेजेंगे?"

म्हणजे अकरा वर्षं दोन घरं एकमेकांचा मान राखत होती आणि दोघांचीही साखर चढत होती. पाहुण्यांच्या भाषणात हे कारण आलं नव्हतं.

डबा बंद करायचा विषयही निघाला नाही. बायकोने दुसऱ्याच दिवशी मोड आलेल्या मटकीची उसळ पाठवली. तिकडून वाफवलेले मेथीचे मुठिया आले. मग काकड्या, पेरू, भाजलेले चणे. भाईही सकाळी माझ्याबरोबर चालायला येऊ लागले. ते जोरात बोलतात आणि हळू चालतात; मी त्यांना उलटं करायला सांगतोय.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. "उतरलीय, काका. गोळी नको. पण हे चालू ठेवायचं." भाईंना गोळी लागली, मात्र तीही छोटी, असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात.

संध्याकाळी डबा आला. उघडला तर चणे. चण्यांच्या मधोमध मोहनथाळाचा एक तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा.

मी हात पुढे केला. कधी गोड न खाणारी बायको म्हणाली, "अर्धा माझा," आणि सुरी आणायला गेली.