महालक्ष्म्या उठल्या की दे

“तुझी किडनी काय पळून चाललीय का? महालक्ष्म्या उठल्या की दे!”

वहिनी असं बोलल्या आणि दिवाणखान्यात बसलेल्या पाच-सहा जणी खदखदून हसल्या. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. जयेंद्रगंजातल्या वकीलसाहेबांच्या घरी मी बारा वर्षं स्वयंपाकाला होते. वहिनी म्हणजे वकीलसाहेबांची बायको. आणि मी काय केलं, सांगू? मीपण हसले.

माझी सोनल एकोणीस वर्षांची होती. बी.कॉम.ला. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिचे पप्पा ती लहान असतानाच गेले. मागे आम्ही दोघीच, शिंदे की छावनीतल्या भाड्याच्या एका खोलीत. तपासण्या झाल्या आणि माझी किडनी तिला जुळली. त्या दिवशी टेंपोत सगळ्या लोकांसमोर मी रडले. आनंदानं. शेजारची बाई विचारत होती, “क्या हुआ, कोई गुजर गया क्या?”

ऑपरेशन इंदूरला, सरकारी कार्डावर, फुकट. डॉक्टरनी नीट समजावलं होतं. एका किडनीवर माणूस व्यवस्थित जगतो. मात्र ऑपरेशननंतर दीड महिना आराम, तीन महिने जड उचलायचं नाही. ऑपरेशनचा पैसा सरकार देणार होतं. पण त्या तीन महिन्यांचं भाडं कोण देणार, डाळ-तांदूळ कोण आणणार, ते कुठल्याच कागदावर नव्हतं. मी एकदा विचारलं. काउंटरवरचा बाबू म्हणाला, “वो आप देख लीजिए.”

तारीख मिळाली ती नेमकी महालक्ष्म्यांच्या जेवणाची. म्हणून मी वहिनींकडे गेले. पगार मागितला नाही हो. एवढंच म्हटलं, माझी जागा राखून ठेवा.

“तीन महिने कोण थांबणार तुझ्यासाठी? दुसरी लावावी लागेल,” त्या म्हणाल्या. “आणि नंतर तरी एका किडनीची बाई माझ्या काय कामाची?”

मग ते किडनी पळून जाण्याचं बोलल्या. मग ते हसणं.

एक गोष्ट सांगते. त्या घरात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला माझा हात लागत नसे. नैवेद्य सोवळ्यात, त्यांच्या जावा करत. मी उंबऱ्याबाहेर. पण जेवायला येणाऱ्या साठ माणसांच्या पोळ्या माझ्या. भाज्या चिरणं माझं, खरकटं माझं. जिच्या हातचं देवीला चालत नाही, तिच्यावाचून देवीचा सण मात्र अडतो. बारा वर्षं हे डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. धन्य माझी!

वहिनींच्या शब्दावर ऑपरेशन थांबवलं कशाला, असं लोक विचारतात. भीती होतीच, नोकरीची. पण नुसती भीती नव्हती. आमची माणसं दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर इथं उत्तरेत आली. फौज गेली, हुकूम पाळायची खोड गेली नाही. माझे वडील वकीलसाहेबांच्या वडिलांकडे चपराशी होते. छावणीचा माणूस हुकूम मोडत नाही, असं छाती फुगवून सांगायचे. मी त्यांचीच मुलगी. वहिनी म्हणाल्या नंतर दे, म्हणजे नंतर.

मी इंदूरला फोन लावला आणि खोटं बोलले. मला ताप आहे, तारीख पुढं करा. त्यांनी दिवाळीनंतरची दिली.

सोनलला घरी येऊन सांगितलं. खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, “रहने दे ना आई. इतके दिवस निघाले, दोन महिने और सही. तू टेन्शन मत ले.” पोरगी मलाच समजावत होती. तिनं भांडायला हवं होतं माझ्याशी. एक थोबाडीत मारायला हवी होती.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी दुपारी तीनपर्यंत पोळ्या लाटल्या. ज्या वेळी मी ऑपरेशनच्या टेबलावर असायला हवं होतं, त्या वेळी तव्यापुढं होते. बाहेरून कोणीतरी ओरडलं, “गरम पोळी आण गं!” मी नेली.

दसऱ्याच्या आधी सोनलच्या डायलिसिसच्या नळीतून इन्फेक्शन झालं. थंडी वाजून ताप आला. चौथ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर मी परत त्याच घरी कामाला लागले. कुठं जाणार होते? वहिनींनी मला जवळ घेतलं, स्वतःचे डोळे पुसले. खोटे नव्हते ते अश्रू, उगाच का म्हणू. पण आपण काय बोललो होतो ते त्या पार विसरल्या होत्या. मी विसरले नव्हते.

चैत्रात मराठी मंडळाच्या हॉलमध्ये अवयवदानाच्या संकल्पाचा कार्यक्रम ठरला. वकीलसाहेब अध्यक्ष. वहिनी म्हणाल्या, “तू दोन शब्द बोल. तुझं ऐकून लोकांना पाझर फुटेल.” भाषण त्यांनीच लिहून दिलं. टेबलावर माझ्यासाठी शाल आणि नारळ. सकाळपासून दोनशे माणसांचा उपमाही मीच केला होता.

मी कागद वाचायला लागले. “माझ्या मुलीला वेळेवर किडनी मिळाली नाही, हे तिचं दुर्दैव...”

पुढं वाचता येईना. पहिल्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, “बेचारी.” आणि माझं डोकंच फिरलं. कागद मी खाली ठेवला.

“हे खोटं आहे,” मी म्हटलं. “किडनी मिळाली होती. माझ्या पोटात होती. अजून आहे. तारीख होती, कार्ड होतं. मला सुट्टी मिळाली नाही. साठ माणसांच्या पोळ्या होत्या. इंदूरला मी ताप आल्याचं खोटं सांगितलं, तो दोष माझा आहे, आणि मी तो मरेपर्यंत वागवीन. पण तुम्ही इथं संकल्प कसले करता? देणारीला तीन महिने खायला कोण घालणार, तिची जागा कोण राखणार, ते बोला. नाहीतर हा उपमा खा आणि घरी जा.”

टाळ्या नाही पडल्या. वकीलसाहेब पंख्याकडं बघत बसले. वहिनी जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, “कार्यक्रमाचा विचका केलास तू.” मी शाल घेतली नाही. नारळही नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी गेले नाही.

आता एका खानावळीत काम करते. मंगळवारी आणि शुक्रवारी, सोनलच्या डायलिसिसच्या वारी, डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसते. बसल्यावर आधी रडू येतं, ते येऊ देते. मग तिथल्या बायकांशी बोलते. तिथं एक बघितलं. किडनी द्यायला बहुतेक आया, बहिणी, बायकाच तयार असतात, आणि त्यांना नीट सांगणारं कोणी नसतं.

किला गेटची मीना तिथंच भेटली. धाकट्या भावाला देणार आहे. मुलींच्या हॉस्टेलात पोळ्या करते. पहिल्यांदा म्हणाली, “दीदी, मर तो नहीं जाऊँगी?” डॉक्टरनी मला सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं, मग तिला डॉक्टरकडंच नेलं. दुसऱ्यांदा म्हणाली, “नौकरी चली जाएगी.” त्यावर मी हॉस्टेलच्या मॅडमना गाठलं. तीन महिने मीनाच्या जागी मी पोळ्या करीन, सकाळ-संध्याकाळ. पगार मीनाच्या हातात द्यायचा. माझं पोट खानावळीच्या दुपारच्या पाळीवर भागेल. तसं लिहून घेतलं, सही घेतली. मंडळातही दर महिन्याला अर्ज देते, देणारीच्या घरखर्चासाठी निधी काढा म्हणून. अजून उत्तर नाही. पुढच्या महिन्यात परत देणार.

परवा वहिनींनी निरोप धाडला. महालक्ष्म्या जवळ आल्यात, झालं गेलं विसर, ये. त्याच आठवड्यात मीनाचं ऑपरेशन आहे.

मी उलट निरोप पाठवला. येणार नाही. तारीख मिळाली आहे, आणि या वेळी ती पुढं जाणार नाही.