तासायची राहिलेली मूठ

"पिस्तूल हाताला बसलं नाही, तर नेम बसत नाही," असं माझे बाबा एनसीसीच्या मुलींना नेहमी सांगायचे.

मंडळी, इथे इंग्लंडात, लीड्सच्या क्लबमध्ये नेमबाजीसाठी मी नुकतंच एअर पिस्तूल घेतलं, क्लबच्या पिस्तुलांची दुरुस्ती बघणाऱ्या रॉनकडून, सेकंडहँड. त्याची लाकडी मूठ मला मोठी होते, म्हणून तासायला त्यांच्याकडेच दिली. दोनदा पिस्तूल परत आलं. वॉशर नवीन, मूठ तशीच!

"अगं, हवा गळत होती ना, लव्ह," रॉन म्हणे. इथली म्हातारी माणसं सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात.

आज मी वैतागून गेले, तर सत्तरीचे रॉन कानस हातात घेऊन नुसते बसलेले.

"माझ्या बायकोचं होतं हे," ते हळूच म्हणाले. "ही मूठ मीच तिच्या हाताच्या मापाने घडवली होती. इथे तिचा अंगठा टेकायचा, बघ, लाकूड किती गुळगुळीत झालंय. असो. आता तुझं आहे. तासतो."

मी त्यांच्या हातातली कानस काढून घेतली.

विकलेली वस्तू परत घेणं त्यांना कमीपणाचं वाटणार, हे मला ठाऊक आहे. तरीही म्हटलं, "रॉन, मी लहान मुठीचं दुसरं बघते. हे तुमच्याकडेच राहू द्याल?"