कापसाचा दम

तलमडुगूच्या रेणुकाबाईंना दम लागायचा आणि खापर कापसावर फुटायचं. आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये त्या कापसातली कवडी, म्हणजे किडकी पिवळी बोंडं, निवडायच्या. तिथल्या बायकांचा इलाज एकच: तोंडाला फडकं आणि सुट्टी झाली की गुळाचा खडा. गुळाने छातीतली रुई उतरते म्हणे. रेणुकाबाईंनी वर्षानुवर्षं गूळ खाल्ला. दम उतरला नाही, दात तेवढे किडले. डॉक्टरही 'काम कुठं करता' एवढंच विचारत आणि दम्याचा पंप लिहून देत. कुणी छातीला नळी नीट लावून ऐकलंच नाही, याचा मला अजून राग येतो.

शेवटी काम सोडून त्या घरी बसल्या, तर दम उलट वाढला. आडवं पडलं की घुसमट व्हायची. तेव्हा त्यांची भावजय शुभांगी त्यांना आदिलाबादला दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. नवरा सुधाकररावही आले, कपाळाला आठ्या घालून. डॉक्टरांनी रेणुकाबाईंना डाव्या कुशीवर वळवलं, छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"बचपन में बुखार के साथ घुटने सूजते थे क्या?"

सुजायचे. एक उतरला की दुसरा. आई तेल चोळायची.

मग हृदयाचा इको झाला. पडद्यावर रक्त लाल दिसत होतं, पण झडपेशी आलं की पिवळं-हिरवं होऊन बारीक फटीतून फवाऱ्यासारखं उसळत होतं. लहानपणीच्या त्या तापाने झडप आखडली होती. रक्त पुढे सरकत नव्हतं, मागे फुप्फुसात तुंबत होतं. दम त्याचा होता. आत फुगा सरकवून झडप उघडता येईल, पण हैदराबादला, आणि उशीर केला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणाले.

"कापसाची वेचनी होऊ द्या, मंग जाऊ," सुधाकरराव म्हणाले. "इतके वर्सं काढलेच न हिनं."

"तुमी वेचनी पाहा," रेणुकाबाई म्हणाल्या. "मी शुभांगीसंग उद्याच जाते."

नवऱ्याशी त्या जन्मात असं बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सुधाकरराव नुसते पोचवायला स्टँडवर आले. बसच्या पायरीवरच रेणुकाबाई दांडा धरून थांबल्या, तोंड उघडून धापा टाकत. मागून कंडक्टर 'एक्कंडी, एक्कंडी', चढा चढा, अशी घाई करत होता. हा श्वास सुधाकररावांनी रोज उशाशी ऐकला होता आणि कूस बदलून ते झोपले होते. आता मात्र ते ऐकत उभे राहिले. मग 'तू राय इथं, वेचनी पाहा' म्हणत त्यांनी घराची किल्ली शुभांगीच्या हातात दिली, बायकोच्या पाठीला हात लावला आणि तिच्यामागून बसमध्ये चढले.