नांदेड–लातूर, पंचवीस मिनिटं

"व्हय सर, पण मधात मुक्काम किती?"

कोणतंही अंतर सांगा, आमच्या शाळेतले शिपाईमामा आधी हेच विचारायचे. कुरुंद्याजवळच्या तांड्यावरचे. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर धान्य लादून लातूरच्या बाजाराला जायचा. मुक्काम म्हणजे जिथं बैलांना चारा-पाणी मिळेल ती जागा. लातूर सहा मुक्काम. किलोमीटरशी मामांना देणंघेणं नव्हतं.

मी भूगोलाचा मास्तर. तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील. नकाशावर दोरा ताणून जगातलं कुठलंही अंतर काढून देणार, आणि स्वतः परभणीच्या पुढे क्वचितच गेलेला. दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी नांदेडहून विमान सुटू लागलं, मुंबईला जाताना लातूरला टेकणारं. मला चेव चढला. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणला, पट्टी लावली. सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर. "पंचवीस मिनिटं!" मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, जणू विमान मीच उडवणार होतो.

मामांनी दोऱ्यावर बोट ठेवलं. "आज्याची वाट याच्या खालीच असंल, न्हाई का? सहाच्या सहा मुक्काम वरून दिसतील."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी बोलून गेलो, "मामा, तुम्ही रिटायर झालात की मी नेतो तुम्हाला."

मामा रिटायर झाले आणि दर सोमवारी शाळेत येऊन विचारू लागले, "सर, कवा?" पाऊस, परीक्षा, मूळव्याध अशी सगळी कारणं वापरून झाल्यावर तिकिटं काढावीच लागली.

विमानतळावर मामा धुतलेला पटका बांधून आले, भाकरी बांधून घेऊन. पंचवीस मिनिटांसाठी! मी हसलो. मग काचेतून विमान दिसलं आणि मी दोन पावलं मागे सरलो. पंचवीस मिनिटं म्हणजे पंधराशे सेकंद, हा हिशेब मला नेमका तेव्हाच सुचला. हातातली तिकिटं मी परत खिशात कोंबली.

मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग खांबाला धरून खाली बसले. "सर, मला चक्कर येऊन राहिली. लई तकलीफ हाय. चला वापस."

ती भाकरी आम्ही परतताना वसमतच्या बसस्टँडवर खाल्ली. मी तीन खाल्ल्या.

शाळेत मग 'मामा विमानाला भ्याले' हेच चालू झालं. मामा दिसले की मास्तर लोक हात पसरून घुंई करायचे. मामा हसायचे. मीही हसायचो, आणि सर्वांत मोठ्यानं मीच हसायचो. लाज वाटते सांगताना.

पुढं ते विमान बंद पडलं. आमच्या त्या फसलेल्या विमानवारीनंतर चार वर्षांनी मामाही गेले. मी भेटायला तांड्यावर गेलो. मामी ओट्यावर बसल्या होत्या. मला राहवेना.

"मामी, त्या दिवशी मामा भ्याले नव्हते. मी भ्यालो होतो."

"ठाव हाय," मामी म्हणाल्या. "त्याच दिशी सांगितलं त्यायनी. म्हणले, कुणाला बोलू नको, सर कवातरी सोताच येऊन सांगतील."

आणि त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

शाळेपासून तांडा पायी पंचवीस मिनिटं आहे. तेवढ्या वाटेत मी चार वर्षं मुक्काम केला.