हप्त्यातून मला वजा करताना

“आजींना काढून टाका. हप्ता निम्म्यावर येईल.”

माझ्याच ओसरीवर बसून, मीच केलेला चहा पिता पिता विम्याचा माणूस माझ्या पोराला हे सांगत होता. मी समोर लसूण सोलत होते. हातभर लांब. माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं.

आमच्या घराचा आरोग्यविमा आहे. पोरगा, सून, दोन नातवंडं आणि मी. दरवर्षी हप्ता वाढतो. यंदा तर असा वाढला की पोराचं तोंडच उतरलं.

“एवढा का वाढला, साहेब?” त्यानं विचारलं.

“आजींचं वय. वर शुगर, गुडघे, दम लागणं. मशीन जुनं झालं की मेंटेनन्स वाढणारच ना, भाऊ!”

पोरगा हसला. कसनुसं, पण हसला. ते मला लई लागलं.

आता ही शुगर, हे गुडघे त्याला कुणी सांगितले? मीच. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, “आजी, तब्येत काय म्हणते?” आमच्या डिंगोरे गावात पावण्यानं तब्येत विचारली तर नुसतं “बरी हाय” म्हणून कुणी तोंड फिरवत नाही. मी सगळं सांगितलं. बांध चढताना दम लागतो, रात्री पाय वळतात, माझ्या आईलाही साखर होती. तो मान हलवत होता. वाटलं, पोटच्या पोरापेक्षा हा बरा ऐकतो. जाताना पिशवीभर भुईमुगाच्या शेंगाही दिल्या, बाई. आणि माझं दुखणं त्यानं हप्त्यावर चढवलं.

खरं सांगते, माझ्या तोंडात शब्द आलाच होता, “काढा रे माझं नाव.” सवयच ती. भाकरी कमी पडली, माझी काढा. दवाखान्यात एकालाच न्यायचं, मी थांबते. आमच्या वयाच्या बाया अशाच वजा होत आल्या.

तेवढ्यात सून आतून म्हणाली, “आत्या, तुमी का गप? तुमचंच चाललंय.”

मी लसणाची सुपली बाजूला सारली.

“भाऊ, मी हितंच बसलीया. मला काढायचं तर मला इचार. त्याला काय इचारतोस?”

“आजी, मनावर घेऊ नका. जोक केला.”

“तब्येत इचारली तवा बी जोकच व्हता का?”

“नाही, खरं सांगितलंत ते चांगलंच केलंत. लपवलं असतं तर क्लेम नामंजूर झाला असता.”

“म्हंजी खोटं बोलले तर पैसं न्हाईत, आन् खरं बोलले तर घराभाईर?”

तो मोबाइलमध्ये बघायला लागला. पोरगा खाली मान घालून म्हणाला, “आये, परवडत न्हाई गं.”

“नसंल परवडत तर समद्यांचा बंद कर. मला एकटीला टाकून स्वस्त व्हायचं न्हाई.”

चहा अर्धा टाकून विम्याचा माणूस गेला. मग मी आळीत विचारत फिरले. चार घरांत त्यानं हेच सांगितलंय, म्हातारीला काढा. दोघींची नावं काढलीसुद्धा, त्यांना पत्ता नाही.

सोमवारी आम्ही जुन्नरला त्याच्या हापिसात जातोय. त्या चार घरांतल्या चौघी आणि मी, पाचही जणी. आमच्या म्हातारपणाचा दर आमच्या तोंडावर सांगा म्हणणार, पोरांच्या कानात नाही. उभ्यानं बोलणार नाही. खुर्च्या मागून घेणार, बसणार, आणि उत्तर मिळाल्याबिगर उठणार नाही.