दादाचा नमस्कार

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणू रोडच्या बाजारात बोंबील निवडत होते. फोन मीराचा, म्हणजे दादाच्या लेकीचा. ती कासाला नर्स आहे, रोज माणसं जाताना बघते, तिचा आवाज सहसा हलत नाही. त्या दिवशीही हलला नाही. "आत्या, बाबा दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत," एवढंच म्हणाली. मी कोळणीला म्हटलं, राहू दे बाई, आणि हात तसेच पदराला पुसून रिक्षात बसले. तलासरीला पोचेपर्यंत मनात एकच येत होतं, की मी दिसले की दादा ओरडणार, "शाले, कशानं आलीस? कळवायचं नाही का, मी गाडी घेऊन आलो असतो." घरी पोचले तर अंगणात शेवग्याखाली गाडी उभी होती, नेहमीच्या जागी. टपावर पांढरी फुलं पडलेली. दादाकडे मी नंतर गेले. आधी त्या गाडीलाच टेकून रडले.

दामोदर हे त्याचं नाव, आम्हां भावंडांत थोरला. तलासरीच्या शाळेत त्याने जन्मभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ते घरच्यांना शिकवायला घेतलं. हट्टी म्हणाल तर असा, की पाऊस पडतोय हे तुम्ही सांगितलं तर तो हात बाहेर काढून बघणार. आणि दुसरं म्हणजे पोटातलं ओठावर येऊ द्यायचं नाही. देवाधर्माच्या वाटेला तो कधी गेला नाही. कुसुमवहिनी अगदी उलट. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा तिने कधी चुकवली नाही. दादा तिला घेऊन जायचा, गर्दीतून वाट काढून पायरीपर्यंत सोडायचा, आणि स्वतः बाहेर चहाच्या टपरीवर पेपर उघडून बसायचा. "माझ्या वाटचंही तूच मागून ये," म्हणायचा. आम्ही हसायचो. वहिनी हसायची नाही. भांडणारी बाई नव्हे ती, पण एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली होती, "शालूताई, एकदा माझ्या शेजारी उभं राहून हात जोडले असते तर काय बिघडलं असतं हो यांचं?" मी पुढची जुडी ओढून निवडायला घेतली.

गाडी त्याने डहाणूच्या एका चिकूच्या बागायतदाराकडून घेतली, जुनीच. आधी दोन घरं फिरून आलेली. नवी घ्यावी असं मीराने किती सांगितलं, पण दादाला नवी गाडी नकोच होती. न बिघडणाऱ्या गाडीशी माणसाने बोलायचं काय, असा त्याचा सवाल. ही मात्र त्याच्याशी भरपूर बोलायची. बिघडली की आमची तोंडं उतरायची आणि दादाची कळी खुलायची. बॉनेट तो लगेच उघडत नसे. आधी सगळ्यांना समोर उभं करून चौकशी. सगळ्यात शेवटी गाडीत कोण बसलं होतं? बसल्यावर काय काय केलं? सगळं सांगा, क्रमाने सांगा, तुम्हाला फालतू वाटतं तेही सांगा. डॉक्टर जसा कालपासून काय काय खाल्लं ते विचारतो ना, अगदी तसं.

एकदा पालघरला लग्नाला जायचं म्हणून सगळे आदल्या संध्याकाळी माझ्याकडे मुक्कामाला आले. सकाळी नटूनथटून गाडीत बसलो तर गाडी ढिम्म. शेजारचे लोक धक्का मारायला बाह्या सरसावून तयार, आमचे हे मेकॅनिकला फोन लावतायत, आणि दादा आपला पायरीवर बसून चौकशी करतोय. मला स्टिअरिंगशी बसवलं. "दिवा लाव. आता हॉर्न दे." हॉर्न घसा बसल्यासारखा वाजला. तेवढ्यावर तो उठला, वहिनीकडे वळला आणि म्हणाला, "काल रात्री गाडीत काय शोधत होतीस?" वहिनीच्या कानातलं पडलं होतं. ते तिने गाडीतला दिवा लावून शोधलं, सापडल्याच्या आनंदात दिवा तसाच राहिला, आणि रात्रभरात बॅटरी उतरली. शेजाऱ्याच्या गाडीची वायर जोडून आमची चालू केली. तेवढ्यात दादाने माझा वर्गच घेतला. किल्ली एकदम फिरवायची नाही. अर्धी फिरव, थांब, ऐक. मागच्या सीटखालून बारीक घूं असा आवाज येतो, तो पेट्रोलचा पंप. घूं आलं तर पेट्रोल निघालं. नाही आलं, तर टाकी भरलेली असून उपयोग नाही. मला गाडी चालवता येत नाही, शिकायचीही नव्हती, पण तो आवाज कानात बसला. लग्नात अक्षता मात्र चुकल्या.

मग ती चोरीला गेली. तलासरीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, भरदिवसा, दादा सुकी मासळी घेत असताना. आमच्याकडे गाडी गेली म्हणजे गेलीच समजायची, गुजरातची बॉर्डर हाकेच्या अंतरावर. दादा पोलिसांकडे जाऊन आला. जेवला नाही. वहिनी महालक्ष्मीला नवस बोलली. आणि काय सांगावं, गाडी सापडली! उंबरगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला चोराने सोडून दिली होती, कारण पेट्रोल संपलं. दादा टाकीत कधी जास्त पेट्रोल ठेवायचाच नाही, त्यावरून आम्ही त्याला चिक्कू म्हणायचो. चोराची ती पहिलीच फजिती असेल. वहिनी ओटी घेऊन देवीला गेली. दादा सगळ्यांना सांगत सुटला, "पेट्रोलाने वाचवली. पेट्रोल नाही तर चोराचा बापही गाडी नेऊ शकत नाही." वहिनीने ऐकून घेतलं.

पण त्यानंतर दादामध्ये एक फरक पडला. गाडीत बसला की तो खाली वाकायचा, दोन पायांच्या मधून हात सीटखाली न्यायचा, आणि तोच हात कपाळाला लावायचा. उतरतानाही तसंच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी वहिनीला कोपराने ढोसलं. जन्मात देवापुढे मान न वाकवलेला माणूस तिसऱ्या हातच्या गाडीपुढे वाकतोय! मी त्याला चिडवायला एक संधी सोडली नाही. तो नुसता मिशीत हसायचा आणि म्हणायचा, "शाले, चहा टाक." एकदा माझ्याकडे मुक्कामाला असताना पहाटे लवकर उठून तो दूध आणायला गेला. मी खिडकीशी उभी होते, त्याला माहीत नव्हतं. अंगणात दुसरं कोणी नाही. परत आल्यावर उतरण्याआधी तो नेहमीसारखा वाकला, आणि मग हात कपाळाला लावून जरा वेळ तसाच बसून राहिला... मी पुढे जाऊन चिडवणार होते, पण का कोण जाणे, नाही चिडवलं. वहिनीचं मात्र ठरलं होतं. नवसाला देवी पावली ती अशी, गाडी आली आणि गाडीबरोबर यांना सुबुद्धीही आली. दादा त्या गाडीला नमस्कार करायला लागल्यापासून तिचा टपरीवरच्या पेपरवरचा राग गेला होता.

दादा गेल्यावर गाडी मीराने न्यायची असं ठरलं. तिच्या ड्यूटीच्या वेळा अशा, की कासाहून जीप मिळेलच याचा भरवसा नाही, आणि वहिनीलाही ती आपल्याकडे नेणार होती. दिवसकार्य झालं, मीरा किल्ली घेऊन बसली, आणि गाडी काही चालू होईना. दादा असताना तिने ती क्वचित चालवली होती, तीही दादाने चालू करून दिलेली, वर "मधे कुठे बंद करू नकोस" अशी तंबी. चारोटीहून बाबूभाई मेकॅनिक आले. चांगला माणूस, दादाचा मित्रच. त्यांनी बॅटरी बघितली, प्लग काढून बघितले, फ्यूज बदलले. इंजिन जोरात फिरायचं पण पकडायचं नाही. शेवटी ते म्हणाले, "बेन, पंप तर बरोबर आहे. पण त्याला करंट नाय मिळत. कुठे वायर तुटली ते शोधायला सगळी गाडी खोलावी लागेल." जुन्या गाडीवर एवढी मेहनत कशाला, भंगारात द्या, असं नातेवाइकांनी सांगून झालं. मीराही थकली होती. रविवारी टेम्पोला बांधून गाडी भंगारवाल्याकडे ओढून न्यायची, असं ठरलं.

शनिवारी मी तलासरीला गेले. वहिनीने पोळी पुढ्यात तशीच ठेवली होती. म्हणाली, "ते या अंगणातून चौघांच्या खांद्यावर गेले. ती तरी स्वतःच्या चाकांवर जाऊ दे. दोराने ओढत नेलेली मला बघवायची नाही." मग म्हणाली की तसं झालं तर आपण कासाला जाणारच नाही, इथेच राहू. मीरा आईकडे बघत राहिली. या घरात वहिनीने एकटीने राहणं म्हणजे काय, ते आम्हा दोघींना कळत होतं.

रविवारी सकाळी बाबूभाई टेम्पो घेऊन आले, दोर काढला. मी गाडीत डोकं घालून किल्ली अर्धी फिरवली. थांबले. ऐकलं. घूं नाही. आणि एकदम दादाचा आवाजच आला कानात, सगळ्यात शेवटी कोण बसलं होतं? काय काय केलं? शेवटचा तोच बसला होता की! ज्याला विचारायचं तोच नाही... पण त्याला रोज बघणारी बाई तर होती. मी बाबूभाईंना थांबवलं आणि वहिनीला म्हटलं, "या, इथे बसा. ते बसल्यावर जे जे करायचे ते सगळं करा. क्रमाने."

वहिनी त्या सीटवर कधी बसली नव्हती. बाबूभाईंना वाटलं असणार की दुःखाने आमचं डोकं फिरलंय, पण भला माणूस, दोर हातात घेऊन उभा राहिला. वहिनी बसली. दार एकदा लावलं, ते लागत नाही म्हणून पुन्हा ओढलं. काच पदराने पुसली. खिशातून चष्मा काढल्यासारखं केलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता नमस्कार." मी म्हटलं, करा. ती वाकली, हात सीटखाली नेला आणि तशीच थांबली.

"इथे काहीतरी आहे. बटणासारखं."

"दाबा. आता किल्ली अर्धी फिरवा. थांबा. ऐका."

मागच्या सीटखालून बारीक घूं आलं. बाबूभाईंच्या हातातला दोर खाली पडला. किल्ली पुढे फिरवताच गाडी सुरू झाली, पहिल्या फटक्यात, आणि मीरा तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. बाबूभाईंनी टॉर्च घेऊन सीटखाली बघितलं आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिले. पंपाच्या वायरीत मास्तरने चोरबटण बसवलं होतं, पिवळी टेप गुंडाळून, सफाईने. पेट्रोल बंद तर चोराचा बापही गाडी नेणार नाही, बरोबर. आणि चोराला कळू नये म्हणून बायकोला नाही, लेकीला नाही, बहिणीला नाही, कोणालाही सांगितलं नाही. आमच्या दादाचंच डोकं!

वहिनी मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तो नमस्कार नव्हताच."

मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण मला आला. एवढी वर्षं ही बाई एका बटणावर समाधान मानून राहिली, आणि हा मिशीत हसत होता. वहिनी पुन्हा वाकली, बटण दाबलं, गाडी घरघरून बंद पडली. आणि तिचा हात रोज बघितल्याप्रमाणे आपोआप कपाळाकडे गेला. तिथेच थांबला.

"शालूताई," ती म्हणाली, "बटण तर खाली आहे. मग हात कपाळाला कशाला लावायचा?"

आम्हाला फसवायला, असं तोंडावर आलं होतं माझ्या. पण मला ती पहाट आठवली, माझं रिकामं अंगण, आणि कोणी बघत नसताना कपाळाला हात लावून बसलेला दादा. फसवायला तिथे होतं कोण? मी वहिनीला ते सांगितलं. जसं बघितलं होतं तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. तिने सगळं ऐकलं, डोळे पुसले, आणि उठून आपली बॅग आणायला घरात गेली.

गाडी त्या दिवशी स्वतःच्या चाकांवर गेली. मीरा चालवायला बसली, वाकली, बटण दाबलं आणि किल्ली फिरवणार तेवढ्यात शेजारी बसलेल्या वहिनीने तिचा हात धरला. "अर्धंच करू नकोस," म्हणाली. मीराने हात कपाळाला लावला, मगच त्या निघाल्या.

आता सुट्टी असली की मायलेकी माझ्याकडे येतात. गाडीचा आवाज आला की मी खिडकीत जाऊन उभी राहते. मीरा उतरण्याआधी वाकते, हात वर जातो, आणि दर वेळी क्षणभर मला वाटतं, आता दार उघडणार आणि हाक येणार, "शाले, चहा टाक." तोवर मी चहा टाकलेलाच असतो.