बिनदारूचा ग्लास

पुदिना चुरगाळल्याचा वास आला की त्याची गेवराईतली खोली आठवते. आंतरजातीय लग्नांची पत्रकं आम्ही दोघांनी मिळून वाटली होती आणि आमचं एकमेकांशीही तसंच लग्न करायचं ठरलं होतं. त्या संध्याकाळी मात्र त्याचं लग्न जातीतच ठरलं म्हणून मित्र जमले होते. रम, लिंबू, साखर, चुरगाळलेला पुदिना, बर्फ स्टीलच्या डब्यात घालून, झाकण दाबून तो डबा हलवत होता. माझा ग्लास त्यानं वेगळा केला. “तुझ्यात दारू न्हाई. तुझं तत्त्व ध्यानात हाय.” “आणि तुझं?” मी विचारलं. “मायनं जेवणच सोडलं. काय करू?” तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “नवरदेव, बर्फ संपला बे.” तो उठून गेला. आता सभेत जातीविरुद्ध बोलताना माझा आवाज चढतो, पण आमच्या पत्रकातलं ‘आईबापाला घाबरू नका’ हे वाक्य मी गाळते.